कागदावरचा हक्क आणि यादीतले नाव
(अमेरिका आणि भारत : दोन लोकशाहींची तुलना)

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघते आहे, त्यात तुम्ही काहीतरी लिहाच, असा आग्रह मंडळाच्या कार्यकर्त्यांनी धरला. मी काही लेखक नाही की प्राध्यापक नाही. शाळा सातवीतच सुटली आणि आयुष्य गिरणीत गेले. पुढचे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. त्यामुळे लिहिण्यात चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. विषय मात्र मी मुद्दाम निवडला आहे.

मागे एका निवडणुकीच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एक आजी सकाळी सात वाजताच धुवट लुगडे नेसून मतदानाला गेल्या. तासाभराने परत आल्या त्या रडतच. यादीत नाव नव्हते. चाळ पाडली, माणसे संक्रमण शिबिरात गेली, आणि त्या धांदलीत कुणीतरी त्यांच्या नावावर काट मारली. हातात फोटोचे ओळखपत्र होते, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. मला म्हणाल्या, "बाबा, मी जिती हाय, मग माझं नाव कसं मेलं?"

गिरणीतल्या माणसाला हे दुखणे लगेच कळते. बदली कामगार पाळीभर साच्यावर उभा राहिला, घामाने निथळला, पण मस्टरवर त्याचे नाव चढले नसेल तर त्या दिवसाचा पगार नाही. काम खरे, घाम खरा, पण मस्टर म्हणेल तेच खरे! मतदानाचेही तसेच आहे. घटनेने हक्क दिला हे खरे, पण तो हक्क यादी लिहिणाऱ्याच्या हातून आपल्यापर्यंत येतो. जगातल्या दोन मोठ्या लोकशाहींनी, म्हणजे अमेरिकेने आणि आपण, ही यादी कुणाच्या हाती दिली, आणि त्याचे काय परिणाम झाले, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

दोन देश, दोन रचना

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली आणि १७८९ पासून अमलात आली. आपली २६ जानेवारी १९५० पासून. दोन्ही लिखित, दोन्ही संघराज्याच्या. पण घराचा नकाशा वेगळा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच कारभाराचा प्रमुख. तो चार वर्षांसाठी निवडला जातो. त्याचे मंत्री हे तिथल्या संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य नसतात आणि काँग्रेसमध्ये बहुमत नसले तरी त्याचे सरकार पडत नाही. त्याला काढायचे तर महाभियोग. तो आजवर अनेकदा चालला, पण त्या मार्गाने एकही राष्ट्राध्यक्ष पदावरून गेला नाही.

आपल्याकडे पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. लोकसभेचा विश्वास गेला की सरकार गेले. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार अवघ्या एका मताने पडले. बाजूने २६९, विरोधात २७०. हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

यातले चांगले कोणते? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला, तेव्हा नेमकी हीच तुलना केली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सरकार स्थिरही पाहिजे आणि जबाबदारही पाहिजे. पण दोन्ही गोष्टी सारख्या मापाने देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त घ्यायला लावते. अमेरिकेत सरकारचा हिशोब ठराविक वर्षांनी होतो. संसदीय पद्धतीत तो रोज होतो, कारण सभासद प्रश्न विचारतात, ठराव आणतात, अविश्वास आणतात. आणि पाच वर्षांनी जनता करते तो वेगळाच. म्हणून मसुद्याने जबाबदारीला जास्त वजन दिले. जो माणूस १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकला, त्याला अमेरिकेची माहिती नव्हती असे कोण म्हणेल? माहिती होती, म्हणूनच नुसती नक्कल केली नाही.

आता आपल्याही पद्धतीचा दोष सांगतो. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. घोडेबाजार थांबावा हा हेतू चांगला, पण त्यामुळे आपला खासदार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देऊ शकत नाही. दिले तर खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेतला सभासद आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उघड मत देतो आणि खुर्चीवर राहतो. शिवाय तिथे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायलाही आधी मतदान होते, त्याला 'प्रायमरी' म्हणतात. आपल्याकडे तिकीट कुणाला हे वरचे नेते ठरवतात आणि कार्यकर्ता बॅनर बांधत बसतो. एवढी गोष्ट तिथली घेण्यासारखी आहे.

पण तिथल्या प्रत्येकाच्या मताची किंमत सारखी आहे काय? नाही. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोनच सभासद. सुमारे चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगचेही दोनच! आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. राष्ट्राध्यक्षही थेट लोकांच्या बेरजेवर निवडला जात नाही. ५३८ निर्वाचकांच्या मतांवर निवडला जातो. म्हणून २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांना हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख मते कमी पडली तरी तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

हे झाले वरच्या मजल्याचे. आता पायाकडे येऊ.

९५ वर्षे कागदावर राहिलेला हक्क

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि गुलामगिरी संपली. १८६५ साली तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामी बेकायदा ठरली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने काळ्या लोकांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले. आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने सांगितले की वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कुणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हेल्स हे पहिले काळे गृहस्थ सिनेटमध्ये बसले. वाटले, आता दिवस पालटले.

पण १८७७ साली केंद्र सरकारने दक्षिणेतल्या राज्यांमधले आपले सैन्य मागे घेतले आणि काल गुलामांचे मालक असणाऱ्या मंडळींच्या हाती कारभार परत गेला. इथे खरी मेख बघा. अमेरिकेत निवडणूक घेणे, मतदार नोंदवणे, नियम करणे हे काम पहिल्यापासून राज्यांकडे. त्यात बदल करण्याचा अधिकार काँग्रेसला आहे, पण तो कितीतरी वर्षे नीट वापरलाच नाही. पंधराव्या दुरुस्तीने काय करू नये ते सांगितले. पण यादी कुणी लिहायची ते बदलले नाही. लेखणी जुन्या मालकाच्याच हातात राहिली.

मग त्या लेखणीने काय काय केले पाहा. १८९० साली मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तिच्यात 'काळ्यांना मत नाही' असे कुठेही लिहिलेले नाही. लिहिले काय, तर मतदाराने दोन डॉलर पोल टॅक्स भरावा आणि राज्यघटनेचे कलम वाचून दाखवावे किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा. कलम निवडणार नोंदणी कारकून आणि उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवणार. गोऱ्याला सोपे कलम, काळ्याला अवघड. काळा शिक्षकसुद्धा नापास आणि गोरा अंगठेबहाद्दर पास!

लुइझियाना राज्याने १८९८ साली आणखी एक युक्ती काढली. ज्याला स्वतःला, किंवा ज्याच्या बापाला वा आजाला, १ जानेवारी १८६७ रोजी मताधिकार होता, त्याला शिक्षणाची आणि मालमत्तेची अट माफ. आता ज्याचा आजा गुलाम होता त्याने हा पुरावा कुठून आणायचा? परिणाम आकड्यात सांगतो. लुइझियानात १८९६ साली सुमारे १ लाख ३० हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०० साली उरले सुमारे पाच हजार. १९०४ साली १,३४२. घटनेतली एक ओळही न खोडता लाखभर माणसांची नावे खोडली!

कोर्टात दाद मागितली तर १८९८ साली सुप्रीम कोर्टाने मिसिसिपीचे नियम वैध ठरवले, कारण कागदावर ते सगळ्यांना सारखेच लागू होते. आजोबांची अट १९१५ साली रद्द झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांनीच मत द्यायचे, हा प्रकार १९४४ साली रद्द झाला. पण एक दार उघडले की कारकून दुसरे दार लावून घेई.

शेतमजूर बाईची गोष्ट

फॅनी लू हॅमर यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. मिसिसिपीतल्या रूलव्हिल गावच्या. वीस भावंडांत धाकट्या. एका मळ्यावर कापूस वेचायच्या आणि हजेरी मांडायच्या. म्हणजे आपल्यासारखीच कापसावर जगणारी बाई! काळ्या माणसाला मताचा अधिकार आहे हे त्यांना चाळिशी उलटल्यावर कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी सतरा-अठरा माणसांबरोबर बसमधून त्या इंडियानोला या गावी नाव नोंदवायला गेल्या. कारकुनाने राज्यघटनेतल्या एका कायदेशीर शब्दाचा अर्थ विचारला. नापास केले. घरी परतल्या तर मळ्याचा मालक म्हणाला, अर्ज मागे घे, नाहीतर निघ. अठरा वर्षांचे काम आणि राहते घर त्याच रात्री सुटले.

१९६३ च्या जानेवारीत त्या परीक्षा पास झाल्या. मत द्यायला गेल्या तर पोल टॅक्सच्या पावत्या नाहीत म्हणून परत पाठवले! त्याच वर्षी जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतके मारले की ते दुखणे जन्मभर पुरले. तरी १९६४ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उभे राहून त्यांनी ही सगळी हकीकत देशाला टीव्हीवर ऐकवली. नुसते यादीत नाव यावे म्हणून एका कामगार बाईने एवढे सोसले. आणि आपण? मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून गावाला जातो.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा गावी मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पुलावरच पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. त्या जिल्ह्यात निम्मी वस्ती काळ्यांची, पण त्यांच्यात शंभरात दोन-तीनच यादीत. देश हादरला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. वाचनाच्या परीक्षा थांबल्या, केंद्राचे अधिकारी नोंदणीला गेले, आणि ज्या राज्यांचा इतिहास वाईट होता त्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची किंवा कोर्टाची मंजुरी घेणे भाग पडले. मिसिसिपीत त्याआधी काळ्या लोकांपैकी शंभरात सातसुद्धा मतदार नव्हते. १९६७ पर्यंत ते साठाच्या घरात गेले. दोन वर्षांत! माणसे तीच, घटनाही तीच. फक्त यादीवर देखरेख करणारा बदलला. १८७० ते १९६५, म्हणजे ९५ वर्षे जो हक्क कागदावर पडून होता, तो तेव्हा हातात आला. पुढे २००८ साली बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले, त्याची वाट याच पुलावरून गेलेली आहे.

इथे काय झाले?

आता आपल्याकडे वळू. इंग्रजांच्या राज्यात मत होते ते कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला, शिकलेल्याला. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा अडाण्यांच्या हातात मत कसले देता, असे म्हणणारे पुष्कळ होते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर त्यांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी तिथले विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

घटनेच्या पहिल्या मसुद्यात संसदेच्या निवडणुकीसाठी एक आयोग आणि राज्यांच्या निवडणुकीसाठी राज्यपालांनी नेमलेले वेगळे आयोग, अशी योजना होती. म्हणजे अमेरिकेच्या वाटेने जाण्याचा धोका होताच. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी उभे राहून ती योजना बदलली. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले : काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदारयादीत येऊ नयेत अशी तजवीज होत असल्याचे कानावर आले आहे. प्रांत सरकारच्या किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीमुळे कुणाही नागरिकाचा मताधिकार जाता कामा नये. म्हणून साऱ्या देशासाठी एकच स्वतंत्र निवडणूक आयोग. तेच आजचे कलम ३२४. धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कुणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही आणि सर्वांची यादी एकच, हे कलम ३२५. प्रौढ मताधिकार हे कलम ३२६. तेव्हा वय २१ होते, १९८९ पासून १८ झाले.

ही तीन कलमे आपल्या पोराबाळांना पाठ पाहिजेत. अमेरिकेत ज्या जागी गळती होती नेमकी तीच जागा इथे आधीच बुजवली.

पहिली निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मतदार १७ कोटी ३२ लाख, आणि १९५१ च्या जनगणनेत शंभरात अठराच माणसे साक्षर! मिसिसिपीत न वाचता येणाऱ्यापुढे दार बंद करायचे. इथे काय केले? प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चित्र. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती होता. अक्षर येत नाही, पण हत्ती तर ओळखता येतो ना? मग टाक मत! अडाणीपणाचा तिथे अडसर केला, इथे त्याच्यावर तोड काढली. माझ्या मते दोन्ही लोकशाहींतला फरक या एका गोष्टीत कळतो.

इथे सगळे निर्दोष झाले असे मात्र नाही. त्या पहिल्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. का? तर नाव विचारले की अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले गेले. परक्या माणसाला बाईचे नाव सांगायचे नाही ही रीत. दिल्लीने हक्क दिला, पण घरातल्याच रीतीने तो अडवला. आणि ज्यांनी घटना लिहिली ते बाबासाहेब स्वतः त्या निवडणुकीत मुंबईतून सुमारे १४ हजार मतांनी पडले. मत मिळाले म्हणजे सत्ता मिळाली असे नव्हे, हे तेव्हाच कळले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलेच होते की राजकारणात प्रत्येकाचे मत सारखे आणि समाजात, पोटापाण्यात मात्र विषमता, असा विरोध फार दिवस चालला तर ही इमारत टिकणार नाही.

पहारा सैल झाला की

कुणी म्हणेल, झाले गेले ते इतिहासात. तसे नाही. २५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांनी आधी मंजुरी घ्यायची ते ठरवणारे कलम रद्द केले. परिस्थिती आता बदलली, असे कारण दिले. त्यानंतर काही राज्यांनी लगेच ओळखपत्राचे नियम कडक केले, अनेक ठिकाणी मतदान केंद्रे कमी झाली. म्हणजे ४८ वर्षांनी कुलूप पुन्हा सैल झाले.

आपल्याकडेही डोळे मिटून चालणार नाही. मुख्य निवडणूक आयुक्त सरकारच्या मुठीतला माणूस असू नये यासाठी मसुद्यात पुरेसा बंदोबस्त नाही, ही काळजी बाबासाहेबांनी १९४९ च्या त्याच चर्चेत बोलून दाखवली होती. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची निवड समिती सांगितली. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आला. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांची सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत्यू, स्थलांतर, दुबार नावे अशी कारणे आयोगाने दिली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा असा आदेश कोर्टाला द्यावा लागला. कोण बरोबर कोण चूक हा वाद पक्षवाले करतील. मला दिसते ते एवढेच की, यादी हीच आजही लढाईची जागा आहे.

समाजबांधवांनो आणि माता-भगिनींनो, आपण घर बदलणारी, भाड्याने राहणारी, कामासाठी फिरणारी माणसे. यादीतून पहिल्यांदा नाव जाते ते असल्याच माणसांचे. नव्या इमारतीत गेलात, पोरगी लग्न होऊन सासरी गेली, पोराला अठरा पूर्ण झाली, की आधी नाव बघा. निवडणूक लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी बघा. म्हाताऱ्या माणसांचे तर शेजाऱ्यांनी बघावे. त्या आजींचे नाव आम्ही चार जणांनी पुन्हा अर्ज भरून, तीन खेपा घालून यादीत आणले. पुढच्या निवडणुकीला मत देऊन आल्या आणि शाईचे बोट गल्लीभर दाखवत फिरल्या.

फॅनी लू हॅमर यांना जे करायला घर सोडावे लागले, ते आपल्याला एका अर्जात करता येते. तेवढेही आपण केले नाही, तर दोष घटनेचा नव्हे.

जय भीम!